स्ट्रॅटची ट्रेमोलो दांडी आणि पिकअपचं वायरिंग : घरच्या घरी, पण नीट

इलेक्ट्रिक गिटारवरची बरीच कामं जाणकाराकडे सोपवलेली बरी. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलणं किंवा मोडलेलं हेडस्टॉक (खुंट्या असलेलं मानेचं टोक) जोडणं त्यातलंच. पण ट्रेमोलो, म्हणजे दांडी दाबून सूर खाली-वर नेणारी यंत्रणा, सुरात राहील असा बसवणं आणि पिकअपचं, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी वेटोळ्यांचं, वायरिंग आपल्याला हवं तसं करून घेणं, ही दोन कामं घरच्या टेबलावर छान होतात आणि वाजवताना त्यांचा फरक रोज हाताला लागतो. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याची काळी स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ४० लाख डॉलरला गेली. त्या गिटारवर वर्षानुवर्षं फेरफार होत गेले. त्यातले दोन आपल्याही आवाक्यातले आहेत : आखूड केलेली ट्रेमोलो दांडी, आणि पिकअप निवडायचा स्विच कुठेही असला तरी नेकचा, म्हणजे मानेजवळचा, पिकअप जोडून देणारा एक जादा स्विच.

या लेखात हेच दोन बदल आहेत, आणि ते टिकावेत म्हणून लागणारी बाकीची कामं. समोर धरली आहे ती नेहमीची स्ट्रॅट : तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन आणि पुढच्या कडेला सहा स्क्रू असलेला ब्रिज, म्हणजे तारा बॉडीवर ज्यावर टेकतात तो भाग. फ्लॉइड रोजसारख्या लॉकिंग ट्रेमोलोचं तंत्र वेगळं आहे, ते इथे लावू नका.

माझा आग्रह एकच आहे. आधी मोजा, मग सोडा, मग बदला. आणि प्रत्येक बदल परत फिरवता येईल असा करा. जुनी दांडी, जुना पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता रोधक), जुने स्क्रू एका डबीत ठेवून द्या.

हात लावण्याआधी

गिटारला केबल लावा, पण केबलचं दुसरं टोक अँपला न लावता मोकळं ठेवा. मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवून त्या मोकळ्या प्लगच्या टोकाला एक आणि बाहेरच्या नळीला दुसरी पिन टेकवा. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे ठेवा. आता स्विच एकेका जागी नेत आकडे लिहून घ्या. एकट्या सिंगल कॉइलचा आकडा साधारण साडेपाच ते सात किलोओहम येतो. दोन पिकअप समांतर जोडलेल्या जागी तो जवळजवळ निम्मा होतो. एखाद्या जागी आकडाच आला नाही, तर तिथली वायर किंवा कॉइल आधीपासूनच तुटलेली आहे आणि ते आत्ताच कळलेलं चांगलं. काम संपल्यावर हेच आकडे पुन्हा घ्यायचे आहेत, त्यामुळे कागद जपून ठेवा.

मागचं झाकण उघडलं की स्प्रिंगा आणि त्या अडकवलेला लोखंडी पंजा दिसतो. या पंजाला एक वायर सोल्डर केलेली असते. तारा, ब्रिज, स्प्रिंगा आणि पंजा या वाटेने तारा ग्राउंडला जोडल्या जातात त्या याच वायरने. ट्रेमोलोचं काम करताना ती ओढली जाऊन तुटली तर गिटार गुणगुणायला लागते आणि माणूस वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो. म्हणून तिचाही फोटो काढून ठेवा.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी. गिटारच्या आत धोकादायक विजेचा दाब नसतो, पण तारा अँपच्या चॅसिसला जोडलेल्या असतात. त्यामुळे अर्थिंग नसलेल्या किंवा अर्थची पिन काढून टाकलेल्या अँपला गिटार लावू नका. आणि हे सगळं जमलं म्हणून अँप उघडू नका. व्हॉल्व्ह अँपमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसलेले असू शकतात.

ट्रेमोलो आधी, वायरिंग नंतर

ट्रेमोलोचं संतुलन म्हणजे तराजू आहे. एका बाजूला तारांचा ओढा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा. ०.००९ इंचापासून सुरू होणाऱ्या संचाचा एकूण ताण नेहमीच्या ट्यूनिंगला ३८ किलोच्या आसपास असतो, ०.०१० च्या संचाचा ४७ किलोच्या आसपास. म्हणजे नुसता तारांचा संच बदलला तरी एका पारड्यात आठ-नऊ किलो पडतात आणि ब्रिज पुढे झुकतो. म्हणून कुठला संच वाजवायचा हे आधी ठरवा, नवीन तारा चढवा, त्या हाताने ताणून ताणून सुरात बसू द्या, आणि मगच पंजाला हात लावा.

त्याही आधी ठरवायचं आहे की ब्रिज तरंगता (मागची कड बॉडीपासून वर) हवा की बॉडीवर टेकलेला. तरंगत्या ब्रिजवर सूर खालीही नेता येतो आणि वरही. पण एक तार बेंड केली, म्हणजे बोटाने ओढून चढवली, की बाकीच्या थोड्या उतरतात, आणि वाजवताना तार तुटली तर उरलेल्या सगळ्या चढतात. टेकलेल्या ब्रिजवर फक्त खाली जाता येतं, पण बेंड स्थिर राहतात. दोन तारा एकत्र धरून एकीलाच बेंड करण्याचं वाजवणं जास्त असेल, तर मी ब्रिज टेकवूनच ठेवण्याचा सल्ला देईन. त्यासाठी पंजाचे दोन्ही स्क्रू एवढे आवळा की बेंड करतानाही ब्रिजची मागची कड बॉडीवरून उठणार नाही. दांडी अजिबातच वापरायची नसेल, तर मागच्या पोकळीत ब्रिजच्या, स्प्रिंगा अडकतात त्या, ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना नेमक्या मापाचा लाकडाचा तुकडा बसवता येतो.

तरंगता हवा असेल तर क्रम असा :

१. तारा सैल करा. दांडीने ब्रिज मागे ओढून बॉडीला टेकवा. पुढचे सहाही स्क्रू सैल करा, म्हणजे त्यांची डोकी ब्रिजच्या पत्र्यापासून दीडेक मिलिमीटर वर राहतील. मग फक्त दोन टोकांचे स्क्रू पत्र्याला जेमतेम टेकेपर्यंत परत आवळा. आता ब्रिज या दोनच स्क्रूंवर झुलतो. मधले चार त्याला नुसते जागेवर ठेवतात. सहाही स्क्रू घट्ट आवळलेला ब्रिज सुरात परत येत नाही, आणि गिटार बेसूर होण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

२. पंजाचे स्क्रू दोन-तीन फेरे आवळा. तारा सैल असतानाच हे करा, नाहीतर लाकडातले आटे जातात. स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसणारा घ्या, आणि चष्मा लावा. निसटलेली स्प्रिंग थेट तोंडाकडे येते.

३. ब्रिजच्या मागच्या कडेखाली तीन मिलिमीटर जाडीचं काहीतरी सरकवा. जुनी प्लास्टिकची कार्डं एकावर एक ठेवली तरी चालतात. स्प्रिंगा आता ब्रिजला त्या थप्पीवर दाबून धरतील.

४. सगळ्या तारा सुरात लावा.

५. पंजाचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जा. प्रत्येक वेळी थप्पी बोटाने हलवून बघा. ती अडकलेली आहे तोवर सूर बदलत नाही, कारण ब्रिज हललेलाच नसतो. एका क्षणी थप्पी हलक्या हाताने सुटून येईल. तिथे थांबा. दोन्ही पारडी समान झाली.

हीच पद्धत मला सगळ्यात आवडते. थप्पीशिवाय केलं तर दर फेऱ्याला सहाही तारा पुन्हा लावाव्या लागतात, आणि एक लावली की दुसरी उतरते.

स्प्रिंगा तीन पुरतात. चार-पाच लावल्या की पंजा सैल ठेवावा लागतो आणि दांडी हाताला जड लागते. वाजवणं थांबवल्यावर स्प्रिंगा घुमत राहत असतील तर त्यांच्याखाली फोमची पट्टी ठेवा.

सूर परत येतो का?

ट्यूनर लावून दांडी पूर्ण दाबा आणि सोडा. तार मूळ सुरापेक्षा चढी राहिली, तर ती नटच्या (मानेच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. ढिली पडताना ती खाचेतून हेडस्टॉककडे सरकली आणि परत येताना तिथेच धरली गेली, म्हणून वाजणाऱ्या भागात ताण जास्त उरला. बेंड करून सोडल्यावर तार उतरलेली राहिली तरी दोष बहुतेक नटचाच, फक्त उलट दिशेने. तार पिळताना नटपाशी बारीक ‘टिक्’ ऐकू आलं तर शंका घ्यायला जागाच नाही. तार खाचेतून उचला, मऊ पेन्सिलचं टोक खाचेत घासा आणि तार परत बसवा. तेवढ्याने भागत नसेल तर खाच त्या जाडीच्या तारेला अरुंद आहे. ती नटच्या कानशीने रुंद करावी लागते. तिथे घाई करू नका, कारण खाच खोल झाली की तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि नट बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

दांडी दाबून सोडल्यावर तार उतरलेली राहत असेल, तर खुंटीवरचे वेढे सैल आहेत का ते बघा. खाली दोन-तीन नीट, एकाखाली एक वेढे पुरेत. वेढे ठीक असतील तर ब्रिज स्क्रूंपाशी झुलतो तिथलं घर्षण तपासा आणि तिथे ग्रीसचा एक ठिपका लावा.

माझ्या मते ट्रेमोलोबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथे संपतात. महागडा ब्रिज किंवा वेगळा ठोकळा घेण्याआधी नट आणि हे सहा स्क्रू तपासा.

दांडी : आटे, खेळ आणि लांबी

नवी दांडी घेताना आट्यांचं माप आधी बघा. फेंडरच्या अमेरिकी पद्धतीच्या ब्रिजना १०-३२ या इंची मापाचे आटे असतात, तर बऱ्याच इतर गिटारना ५ किंवा ६ मिलिमीटरचे मेट्रिक आटे. चुकीची दांडी पहिले एक-दोन फेरे आत जाते आणि मग अडते. तिथे जोर लावला तर ठोकळ्यातले आटे जातात. दांडी हाताने, सहज आत जायला हवी.

दांडी भोकात हलते, डगडगते, ही नेहमीची तक्रार. आट्यांवर नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप दीड-दोन वेढे गुंडाळा. वेढे दांडी आवळण्याच्या दिशेनेच द्या, म्हणजे आत जाताना टेप उलगडणार नाही. दांडी ठेवाल तिथे थांबावी असं वाटत असेल तर भोकाच्या तळाशी एक छोटी स्प्रिंग टाकतात. गिटार उलटी केली की ती गुपचूप पडून हरवते, तेवढं लक्षात ठेवा.

आता लांबी. नेहमीची दांडी सहा इंचांच्या आसपास असते. गिलमोरची सव्वाचार इंचांची. आखूड दांडी प्लेक्ट्रम धरलेल्या हातातच मावते, त्यामुळे वाजवता वाजवता सूर हलवता येतो. त्याची किंमत म्हणजे थोडा जास्त जोर लागतो, आणि हाताच्या तेवढ्याच हालचालीने सूर जास्त सरकतो. हे सर्वांना रुचेलच असं नाही. म्हणून जादा दांडी घ्या आणि तिच्यावरच प्रयोग करा. आठवडाभर मूळ दांडीवर रंगीत टेप लावून वाजवा आणि बोटं नेमकी कुठे टेकतात ते बघा. त्या खुणेपेक्षा पाच मिलिमीटर लांब ठेवून कापा. आखूड नंतरही करता येते.

कापायची ती टोपीच्या बाजूने, आट्यांच्या बाजूने कधीच नाही. दांडी गिटारवरून काढा, कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा, खुणेवर टेप लावा म्हणजे क्रोमचे टवके उडणार नाहीत, आणि बारीक दातांच्या हॅक्सॉने सावकाश कापा. डोळ्यांना चष्मा हवाच. टोक कानशीने गोल करा, मग पॉलिश पेपर फिरवा. कापलेल्या जागी क्रोम नसल्यामुळे गंज धरतो. तिथे पारदर्शक लॅकरचा हात द्या. जुनी टोपी आट्यांवर बसणारी असेल तर ती आता बसणार नाही. एकावर एक दोन श्रिंक ट्यूब तापवून चढवल्या की टोक हाताला छान लागतं.

दांडीचा कोन बदलायचा असेल तर मूळ वाकणापाशीच, थंड असताना, हळूहळू वाकवा. आधी लोहचुंबक लावून बघा. तो चिकटला नाही तर दांडी ओतीव मिश्रधातूची असू शकते आणि ती वाकण्याऐवजी मोडते.

वायरिंग : सातही आवाज

पाच जागांच्या स्विचवर नेक आणि ब्रिज हे दोन पिकअप एकत्र कधीच येत नाहीत, तिन्हीही एकत्र येत नाहीत. नेकचा पिकअप थेट व्हॉल्यूम पॉटवर नेणारा एक स्विच घातला की हे दोन्ही मिळतात. पिकगार्डला भोक पाडून छोटा टॉगल बसवता येतो, पण मी पुश-पुल पॉटच सुचवेन, म्हणजे बटण ओढलं-दाबलं की स्विचही चालवणारा पॉट. वरून गिटार होती तशीच दिसते आणि मनात आलं तर पूर्ववत करता येते. २५० किलोओहमचा, लॉग टेपरचा पॉट घ्या. विकत घेण्याआधी तीन मापं जुळवा : पोकळीची खोली, पिकगार्डच्या भोकाचा व्यास आणि जुनी बटणं नव्या दांड्यावर बसतात का ते. पुश-पुल पॉट चांगला खोल असतो आणि उथळ पोकळीत पिकगार्ड बंदच होत नाही.

खालच्या टोनच्या जागी तो बसवा. जुन्या पॉटच्या ज्या पायावर जे होतं, तेच नव्याच्या त्याच पायावर आणा. एकेक वायर सोडवून लगेच नव्यावर लावली तर गोंधळ होत नाही.

पॉटच्या खालच्या स्विचला सहा पाय असतात, तीन-तीनच्या दोन रांगा. आपल्याला एकच रांग पुरते. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक पिन मधल्या पायावर धरा आणि बटण ओढल्यावरच बीप देणारा पाय शोधून त्यावर खूण करा. आकृतीवर विसंबू नका. वेगवेगळ्या बनावटीत हा पाय वेगळा असतो. मग दोनच वायर :

मधल्या पायापासून पाच जागांच्या स्विचवर नेक पिकअपची गरम (ग्राउंडची नव्हे, सिग्नलची) वायर येते त्या पायापर्यंत एक. खूण केलेल्या पायापासून व्हॉल्यूम पॉटच्या, स्विचची वायर येते त्या पायापर्यंत दुसरी.

बटण ओढलं आणि स्विच ब्रिजवर असला की ब्रिज आणि नेक एकत्र वाजतात. ब्रिज-मधला या जागी तिन्ही. उरलेल्या जागांवर नवं काही मिळत नाही. नव्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट वेटोळ्याचा आणि उलट चुंबकाचा असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण मरते. नेक आणि ब्रिज मात्र एकाच दिशेचे असतात, तेव्हा या नव्या आवाजात गुणगुण राहणार. तो जोडणीतला दोष नाही.

त्याच बैठकीत आणखी एक वायर लावून टाका. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये ब्रिजच्या पिकअपला टोनच नसतो, म्हणून तो कानात घुसतो. स्विचच्या टोनच्या बाजूला मधल्या पिकअपचा पाय आणि ब्रिजचा रिकामा पाय शेजारी असतात. त्या दोघांमध्ये एक छोटा तुकडा जोडला की खालचा टोन ब्रिजवरही चालतो. सगळ्या वायरिंगमध्ये सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त देणारा बदल हाच, असं माझं ठाम मत आहे.

सोल्डरचा एक जोड, जवळून

गिटारमध्ये कठीण जोड एकच : पॉटच्या पाठीवरचा ग्राउंड. पाठीचा पत्रा उष्णता पिऊन टाकतो. तिथे बारीक टोकाची, कमी वॅटची सोल्डरिंग आयर्न धरून बसलात तर सोल्डर नुसता गोळा होऊन वर बसतो आणि आतला कार्बनचा ट्रॅक भाजतो. ४० वॅट किंवा जास्त, छिन्नीसारखं रुंद टोक, तापमान ३५० ते ३८० अंश सेल्सियस. पाठ पॉलिश पेपरने खरडून चकचकीत करा. टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन ते आडवं टेकवा, म्हणजे उष्णता भरभर उतरेल. सोल्डर टोकाला न लावता पत्र्याला लावा. तो पाण्यासारखा पसरला की पुरे. तीन-चार सेकंदांत व्हायला हवं. वायरच्या टोकालाही आधी सोल्डर चढवा आणि मग दोन्ही एकत्र तापवून वायर न हलवता धरून ठेवा. गोठताना हलली तर जोड मळका, दाणेदार दिसतो आणि काही दिवसांनी करकर सुरू होते.

सोल्डर रोझिन कोअरचा घ्या. नळकामाचा आम्ल असलेला फ्लक्स वायरी खातो. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा, आणि बॉडीवर जुना टॉवेल पसरा. सोल्डरचा एक थेंब लॅकरवर कायमचा डाग पाडतो.

व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मंद, घोंगडलेला होत असेल, तर व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमध्ये १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडा. केबलची कपॅसिटी पॉटच्या रोधाशी मिळून वरचे सूर गिळते. त्यांना ही आडवाट मिळते. पोकळीला तांब्याची टेप लावायची असेल तर तिचे सगळे तुकडे ग्राउंडला जोडलेले आहेत का ते बीपने तपासा. जॅकच्या गरम पायाशेजारच्या टेपवर इन्सुलेशन चिकटवा, नाहीतर तो पाय टेपला टेकून आवाजच बंद होतो.

बंद करण्यापूर्वी

पिकगार्ड सैल ठेवूनच आकडे पुन्हा घ्या आणि कागदाशी ताडून बघा. बटण ओढून ब्रिजच्या जागी आकडा निम्म्यावर, तिन्हींच्या जागी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास यायला हवा. शून्य आला तर गरम वायर कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. आता अँप लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टकटक करा. जो निवडला आहे त्याचाच आवाज मोठा यावा. दोन पिकअप एकत्र आल्यावर आवाज पातळ आणि नाकातला येत असेल, तर ते एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत. वेगवेगळ्या बनावटीचे पिकअप एकत्र केले की हे होतं. एकाच पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की सुटतं. फक्त त्या पिकअपचं धातूचं कव्हर ग्राउंड वायरला जोडलेलं असेल, तर ती जोडणी आधी वेगळी करा.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी व्हायला हवी. वाढली किंवा काहीच फरक पडला नाही, तर पंजावरची वायर बघा.

पिकअपची उंची सगळ्यात शेवटी, कारण ब्रिज तरंगता केल्यावर तारांची उंची बदललेली असते. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून चुंबकापासून तिचं अंतर मोजा : जाड ई तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर, बारीक ई तारेखाली २ मिलिमीटर. पिकअप याहून वर आणलात तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो आणि ट्यूनर स्थिर राहत नाही. मग निष्कारण ट्रेमोलोवर संशय जातो. तसं झालं तर पंजाला हात न लावता आधी पिकअप अर्धा फेरा खाली घ्या आणि पुन्हा ऐका.